रिकाम्या जागेचा फोटो

आमच्या नागपूरकडची माणसं पुण्याला जातात ती नोकरीला, नाहीतर नोकरीला लागलेल्या पोराकडे. मी विमानांचे फोटो काढायला चालले आहे म्हटल्यावर टपाल कचेरीतल्या आमच्या साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "रजनीताई, या वयात विमानं?" मी म्हटलं, "साहेब, मला ती उडवायची नाहीत. खाली उभं राहून मान वर करायची आहे, बस्स." रजा मिळाली.

हा नाद तसा जुना आहे. तलावावर पहाटे बगळ्यांचे फोटो काढायची, तर एकदा बगळ्याच्या मागून विमान गेलं आणि बगळा राहिला बाजूला. तेव्हापासून कुठे विमानांचं प्रदर्शन आहे म्हटलं की माझी पिशवी भरलेली. यंदा पुण्यात होतं. पण खरं सांगायचं तर या वेळी मला बोलावणं आलं होतं. माझी मामेबहीण शशीताई येरवड्यात राहते. तिचे यजमान, भास्करभाऊजी, यांचा फोन आला. म्हणाले, "रजनी, प्रदर्शनाला ये. कॅमेरा मोठा आण. आल्यावर सांगतो."

शशीताईचा मुलगा सुमेध. छोट्या, पंख्याच्या विमानांच्या कसरती करणाऱ्या एका खासगी तुकडीत तो वैमानिक. गेल्या वर्षी कोकणच्या किनाऱ्यापासून आत, समुद्रावर, त्याचं विमान दिसेनासं झालं. पुष्कळ शोधलं. विमानाच्या पंखाचा एक तुकडा हाती लागला. सुमेध मिळाला नाही. मला तेव्हा जाता आलं नव्हतं, आणि फोनवर शशीताई पावसापाण्याचं बोलून फोन ठेवायची.

येरवडा, शुक्रवार

गाडीतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शेजारच्या बाईंनी घरून आणलेला चिवडा मला दिला आणि त्यांच्या सुनेची सगळी कुंडली सांगितली, एवढंच. स्टेशनवर भाऊजी घ्यायला आले होते. कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस पूर्वी दोन जिने एका दमात चढायचा, आता रिक्षात बसतानाही दांड्याला धरून बसला. रिक्षा येरवड्याच्या दिशेला वळल्यावर ते हळूच म्हणाले, "एक सांगतो. घरात रडायचं नाही. तिला चालत नाही."

"शशीताईला?"

"कोणीच नाही रडायचं. मी पण नाही."

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि समोरून शशीताई येताना दिसली. हातात भाजीची पिशवी, डोक्यावर उघडी काळी छत्री. डिसेंबरचं कोवळं ऊन, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, आणि ही छत्री खाली ओढून चाललेली. तोंड दिसतच नव्हतं, फक्त हनुवटी. गल्लीतल्या कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, एक बाई "काय शशीताई, मेथी कशी मिळाली?" असं विचारून पुढे गेली. मी मात्र माझ्या नागपुरी तोंडाने बोललेच, "अगं, पाऊस कुठे आहे?"

"पाऊस आहे असं कोण म्हणालं?" ती म्हणाली आणि मला छत्रीत घेऊन घरापर्यंत चालवत नेलं. नंतर भाऊजींनी सांगितलं, वर्षभरात तिने वर बघितलेलं नाही. घराबाहेर पाऊल टाकलं की छत्री. गॅलरीत कपडे वाळत घालतानाही मान खालीच, हातानेच दोरी चाचपते.

जेवायला पाटवडी-रस्सा होता. पुण्यात इतकी वर्षं काढूनही तिच्या रश्श्याला नागपूरचा जाळ आहे. घास तोंडात घालते तोच उद्याच्या प्रदर्शनाचा सराव करणारं एक विमान घरावरून गेलं. मांडणीवरची भांडी थरथरली, वाटीतला रस्सा काठाला लागला. भाऊजींचा हात घासासकट थांबला. शशीताई भाकरी मोडत राहिली. माझं लक्ष दारामागे गेलं. तिथे सुमेधचे बूट होते, पॉलिश केलेले, लेस सैल सोडलेल्या, जसे काही तो आत्ता पाय घालून निघणार. माझे डोळे भरून आले.

"कांदा लागला का गं डोळ्यांना?" शशीताई म्हणाली. "पाटवडीत मी कांदा घालत नाही." आणि माझ्या ताटात आणखी एक वडी वाढली. मायबाई, तो घास मी कसा गिळला माझं मला माहीत.

दुपारी ती आत पडली तेव्हा भाऊजींनी मला गॅलरीत नेलं. बोलता बोलता त्यांची भाषा पुण्याहून घसरत घसरत नागपूरला गेली.

"वर्ष झालं, रजनी. पुण्यानुमोदन केलं नाही आम्ही." बौद्ध घरात माणूस गेल्यावर हा विधी होतो: फोटोला हार घालतात, भंतेजी येतात, त्रिशरण-पंचशील होतं, नातेवाईक त्याच्याबद्दल चार शब्द बोलतात, रडतात, जेवतात. "भंतेजी दोनदा विचारून गेले. शशी म्हणते, कोणाचं करता? मी म्हटलं, आपल्या पोराचं. तर म्हणते कशी, तो नाही हे दाखवा मला. ज्या जागी तो नाही त्या जागेचा फोटो आणा, त्याला घालते हार. रागानं बोलली. पण तू ओळखतेस तिले. बोललेला शब्द ती फिरवत नाही."

भाऊजींनी आतला कानोसा घेतला.

"उद्या त्याची तुकडी उडणार आहे. त्याच्यासाठी रांगेतली त्याची जागा मोकळी ठेवून उडणार. त्यांच्यात तशी रीत आहे म्हणे. त्या जागेचा फोटो काढून दे मला." त्यांनी गॅलरीचा कठडा घट्ट धरला होता. "मला माझ्या पोरासाठी रडायचं आहे बाप्पा. आणि माझ्याच घरात मला परवानगी नाही."

हे असलं काम घ्यावं की नाही, मला ठरवता येईना. समजा फोटो दिला आणि शशीताई कोसळली, तर? आणि समजा नाही दिला, तर हा माणूस असाच दातावर दात धरून संपणार. मी वळले, तर शशीताई दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"जाणार आहेस ना उद्या?" ती म्हणाली. "नीट काढ. हात हलू देऊ नकोस. आणि मला फसवू नकोस, मी बाबांची मुलगी आहे."

हे सांगायचं राहिलं. तिच्या बाबांचा, म्हणजे माझ्या मामांचा, नागपुरात फोटो स्टुडिओ होता. मी डार्करूममध्ये लुडबुड करायची आणि शशीताई बारीक ब्रश घेऊन लोकांच्या फोटोतले देवीचे व्रण मिटवायची. फोटोत काय खरं आणि काय घातलेलं, ते तिच्याइतकं कोणाला कळत नसे.

मैदान, शनिवार

सकाळी कोपऱ्यावर पोहे खाल्ले. पुणेकर माफ करा, पण तर्रीशिवाय पोहे म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याचं जेवण. वरून खोबरं, कोथिंबीर, आणि गोड! मी तिखट मागितलं, तर दुकानदार म्हणाले, "ताई, सकाळी सकाळी कोणावर राग आहे?" भाऊजी कितीतरी दिवसांनी हसले.

मैदान शहराच्या पूर्व कडेला. माणसांची जत्रा, खांद्यावर पोरं, फुगे, भेळेच्या गाड्या. तरी मला तिथे काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. कुंपणाशी शेंगा विकणाऱ्या एका आजींनी सांगितलं.

"पाखरू नाय बघा एक बी," त्या म्हणाल्या. "मटणाची दुकानं बंद ठेवायला लावली, घारी येतात म्हून. उरलेल्यांना पहाटं फटाकं लावून हाकललं. इमानाला लागतात ना. माझा जलम हितंच गेला, पर असं आभाळ कधी बघितलं नाय. भ्या वाटतंय."

खरंच. घार नाही, कावळा नाही, साधी चिमणीही नाही. इतकं मोठं निळं आभाळ आणि त्यात काहीही नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या बाईला असं आभाळ बघवत नाही. मी भाऊजींना म्हटलं, "चला, पुढे जागा धरू."

मग विमानं सुरू झाली. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते: वेगाचं विमान जिथे ऐकू येतं तिथे ते नसतं. आवाजाकडे बघाल तर तिथे कोरं आभाळ, आणि विमान केव्हाच पुढे गेलेलं. सगळी माणसं नवखी, त्यामुळे सगळे एकाच वेळी रिकाम्या जागेकडे बोट दाखवत होते. हजारो बोटं, आणि त्यांच्या टोकाला काही नाही. मी आजवर कितीतरी वेळा हे पाहिलं आहे, पण त्या दिवशी अंगावर काटा आला.

पंख्याच्या विमानांची आणखी एक गंमत आहे. फार झटकन फोटो काढला तर फिरता पंखा फोटोत गोठतो, आणि विमान बंद पडून आभाळात टांगल्यासारखं दिसतं. म्हणून आम्ही जरा सावकाश काढतो. पंखा पुसट फिरलेला दिसला की विमान जिवंत वाटतं. त्यासाठी हात मात्र दगडासारखा स्थिर हवा.

ध्वनिक्षेपकावर तुकडीचं नाव आलं, मग सुमेधचं. "आपल्या सहकाऱ्याची जागा राखून..." एवढंच मला ऐकू आलं. पूर्वेकडून विमानं आली, बाणाच्या आकारात, आणि बाणाच्या डाव्या अंगाला एक जागा सोडलेली. सोडलेली म्हणजे जपलेली. पंगतीत मागून येणाऱ्यासाठी पाट मोकळा ठेवतात तशी. बाजूची दोन्ही विमानं वाऱ्यावर हलत होती, पण त्या जागेला धक्का लागू देत नव्हती. भाऊजी माझ्या शेजारी हात जोडून उभे. वर नव्हते बघत. माझ्या कॅमेऱ्याकडे बघत होते.

आता माझी चूक सांगते. कॅमेऱ्याला फोकस लावायला काहीतरी वस्तू लागते. कोऱ्या आभाळावर रोखलात तर भिंग पुढेमागे कुरकुरत राहतं, काही सापडत नाही, आणि माझ्या कॅमेऱ्यात तर फोकस लागल्याशिवाय फोटोच निघत नाही. त्यामुळे रात्रीच ठरवलं होतं, बाजूच्या विमानावर फोकस लावायचा आणि मग रिकामी जागा मधोमध घ्यायची. नवशिक्यालाही हे कळतं. पण भाऊजींचे ते जोडलेले हात दिसले आणि माझं भान गेलं. मी थेट त्या रिकाम्या जागेवरच कॅमेरा रोखला आणि बटण दाबलं.

भिंग कुरकुरलं नाही. लगेच लागलं. बीप झालं, हिरवी चौकट उमटली, त्या जागेवर, आणि कॅमेरा धडाधड फोटो काढायला लागला.

मी बटण सोडलं नाही. खोटं कशाला सांगू, सोडायची हिंमत झाली नाही. माझ्या कॅमेऱ्यातली ती चौकट जे धरते त्याच्या मागे मागे जाते. धावणारं पोर धरलं तर पोराबरोबर धावते. ती चौकट त्या मोकळ्या जागेतून सुटली आणि खाली सरकायला लागली. सावकाश. मी विमानांबरोबर कॅमेरा फिरवत होते आणि चौकट खाली खाली येत होती, कोऱ्या निळ्यात. मग फोटोच्या खालच्या कडेबाहेर गेली आणि कॅमेरा थांबला.

मी डोळा काढून समोर बघितलं. काही नव्हतं. माणसं टाळ्या वाजवत होती. ऊन होतं, तरी माझ्या मानेवर कोणी ओला हात ठेवल्यासारखं गार वाटलं.

"मिळाला?" भाऊजींनी विचारलं.

"मिळाला," मी म्हटलं. बाकीचं नाही सांगितलं.

नागपूरला आल्यावर कॅमेरा दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने सगळं तपासलं आणि काही बिघाड नाही म्हणाला. भिंगासमोरून एखादा चतुर किडा गेला असेल, धूळ असेल, असं त्याचं म्हणणं. असेलही. पण चतुर असता तर फोटोत दिसला असता.

शनिवार पेठ, त्याच संध्याकाळी

फोटो छापून घ्यायला भाऊजी मला शनिवार पेठेत घेऊन गेले. गाळा इतका अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मालकांना उभं राहावं लागतं. मालक साठीचे, स्वेटर, कानटोपी. मी मालिकेतला पहिला, सगळ्यात स्वच्छ फोटो निवडला होता. त्यांनी पडद्यावर बघितला, मग माझ्याकडे.

"मध्ये काही नाही यात."

"तेच हवं आहे."

"कडेची विमानं हवीत?"

"नकोत. मधलं मोठं करून द्या."

"म्हणजे आभाळ." त्यांनी कानटोपी वर केली. "बाई, आभाळ दाराबाहेरही आहे. तिथे छपाई लागत नाही." मग त्यांना दया आली असावी. "असं करू का? कडेचंच एक विमान उचलतो आणि मधे बसवून देतो. कोणाला कळणार नाही. रांग पुरी दिसेल."

भाऊजींनी टेबलावर हात ठेवला. "नका भरू हो ती जागा," ते म्हणाले. "आमच्या मुलाची आहे."

मालक संगणकापुढे बसले आणि बराच वेळ लावून, कडेची दोन विमानं अर्धी अर्धी ठेवून, फोटो छापला. कडा स्वतः कातरल्या. पाकिटात घालताना म्हणाले, "ऊन लागू देऊ नका. निळा रंग आधी उडतो."

येरवडा, रविवार

सकाळी शशीताईने चहा केला, खुर्ची खिडकीपासून लांब ओढली आणि हात पुढे केला. भाऊजींनी पाकीट दिलं. ते बुद्धमूर्तीशेजारच्या भिंतीला टेकून उभे राहिले. कोपऱ्यात टोपलीत त्यांनी पहाटेच आणलेला हार होता, ओल्या फडक्यात झाकलेला.

तिने फोटो बघितला. तोंडावरची रेषासुद्धा हलली नाही. मग टेबलावर पालथा ठेवला.

"हा एकच काढलास?"

"नाही, बरेच आहेत. हा चांगला आला म्हणून..."

"बाकीचे दाखव."

तिला फसवायचं नव्हतं. कॅमेरा सुरू करून तिच्या हातात दिला. ती एकेक फोटो पुढे करत गेली. मला माहीत होतं त्यात काय आहे, काल बघून ठेवलं होतं. पहिल्या फोटोत बाजूची विमानं लख्ख. पुढच्यात जराशी पुसट. त्याच्या पुढच्यात आणखी. शेवटच्या फोटोत तर ती विमानं नाहीतच म्हणा ना, दोन ढगाळ डाग.

"हात हलला माझा," मी म्हटलं.

"हात हलला की फोटो एका बाजूला ओढला जातो," शशीताई म्हणाली. "हे सगळीकडून सारखं पुसट आहे. विमानं जिथल्या तिथे आहेत, फोकस त्यांच्यावरून अलीकडे आला आहे. दर फोटोला अलीकडे, आपल्याकडे." तिने पुन्हा पहिल्यापासून बघितलं. "कशावर धरला होतास?"

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, सांग म्हणून.

"रिकाम्या जागेवर. लागायला नको होता, पण लागला."

"आणि चौकट?"

तिला चौकटीचं कसं सुचलं मला माहीत नाही. मामांच्या कॅमेऱ्यात असलं काही नव्हतं.

"खाली आली," मी म्हटलं. "हळूहळू. खाली आली आणि मग मला दिसेना."

शशीताईने कॅमेरा मांडीवर ठेवला. बाहेर कुठे तरी विमान गेलं, भांडी किणकिणली आणि थांबली. मला वाटलं आता ही ओरडेल, नाहीतर कॅमेरा फेकून देईल. मला भीती वाटत होती, तिचीही आणि त्या कॅमेऱ्याचीही. ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"म्हणजे उतरला," ती म्हणाली. "वर्षभर मला वाटायचं, वरच अडकला आहे. वर बघितलं तर दिसेल, आणि मला काही करता येणार नाही. उतरला बाई एकदाचा."

ती उठली. टोपलीवरचं फडकं तिने स्वतः काढलं, हार उचलला, आणि आत जाऊन सुमेधचा गणवेशातला मोठा फोटो घेऊन आली. आभाळाचा नाही, त्याचा. हार घालताना एकदा तिने त्याच्या गालावरून बोट फिरवलं, ब्रश फिरवावा तसं. मग ती भाऊजींकडे वळली. ते भिंतीला टेकून उभेच होते, दातावर दात धरून.

"अहो," ती म्हणाली, "भंतेजींना मी करते फोन. तुम्ही बसा इथे." त्यांना खांद्याला धरून तिने खाली बसवलं, शेजारी स्वतः बसली आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"रडा आता," ती म्हणाली.